भुंगेरा शेवटी येतो : गोदाकाठच्या झाडांच्या आरोग्याविषयी खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जालना

विषय : साल व खोड पोखरणारे भुंगेरे, बदलते हवामान आणि जालना जिल्ह्यातील बागा व झाडोरा

मा. महोदय,

साल पोखरणारे भुंगेरे हा सोंडे किड्यांच्या कुळातला एक मोठा उपगट आहे. जगभरात त्याच्या सुमारे 6,000 जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेकांची लांबी एक ते सहा मिलिमीटर, रंग तपकिरी किंवा काळा, अंग दंडगोल आणि जवळजवळ सगळे आयुष्य झाडाच्या आत. एवढ्याशा किड्याने उत्तर अमेरिकेत आणि युरोपात लाखो हेक्टर जंगल उभ्याउभ्या वाळवले. त्याच्याच एका भाऊबंदाने सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना डाळिंबाच्या भरल्या बागा उपटायला लावल्या. जालना जिल्ह्यात मोसंबी, डाळिंब, बांधावरचा कडुनिंब, नदीकाठची बाभूळ आणि रस्त्याकडेची नवी लागवड ही सगळी झाडे आज एकाच बदलत्या हवामानाला तोंड देत आहेत. त्यांच्या मरणाची कारणे मात्र वेगवेगळ्या खात्यांच्या दप्तरात वेगवेगळी लिहिली जातात. प्रत्यक्षात ती एकाच साखळीतली आहेत. ही साखळी ओळखून कारभार आखला तर बरीच झाडे वाचू शकतात, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिले आहे.

या भुंगेऱ्यांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिला प्रकार सालीच्या आतल्या थरात राहतो. पानांनी तयार केलेले अन्न याच थरातून मुळांकडे उतरते. मादी तिथे बोगदा कोरून दोन्ही बाजूंना अंडी घालते, अळ्या आडव्या कोरत जातात आणि झाडाचा अन्नपुरवठा चारही बाजूंनी तुटतो. दुसरा प्रकार सालीच्याही आत, ओल्या लाकडात शिरतो. तो लाकूड खात नाही. मादी अंगातल्या खास पिशवीत बुरशीचे बीज घेऊन येते, बोगद्याच्या भिंतींवर ते पेरते आणि तिची पिल्ले त्या बुरशीवर वाढतात. झाडात पाणी वाहून नेणारे लाकूड असे बुरशीने भरले की वरचा शेंडा पाण्यावाचून सुकतो. पहिल्या प्रकाराचा उपद्रव थंड प्रदेशांतल्या सूचिपर्णी वनांत प्रामुख्याने दिसतो. दुसरा प्रकार उष्ण प्रदेशांत जास्त आढळतो आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रातले डाळिंब बागायतदार ज्याला पिन होल बोरर किंवा शॉट होल बोरर म्हणतात, तो याच दुसऱ्या प्रकारातला. युवॉलॅशिया फॉर्निकेटस असे त्याचे शास्त्रीय नाव असून पूर्वी तो झायलेबोरस या नावाने ओळखला जाई. श्रीलंका आणि दक्षिण भारतातल्या चहाच्या मळ्यांना तो शंभराहून अधिक वर्षे छळत आला आहे. प्रादुर्भाव झालेल्या झाडाच्या बुंध्याशी बसून पाहिले तर जमिनीलगतच्या वीतभर भागात टाचणीने टोचल्यासारखी, सुमारे एक मिलिमीटर व्यासाची भोके दिसतात. भोकातून पिठासारखा बारीक पांढुरका भुसा बाहेर येऊन बुंध्यावर आणि आळ्यातल्या मातीवर सांडलेला असतो. कुठे भोकाच्या तोंडाशी साल ओलसर आणि काळपट पडलेली असते. चाकूने साल थोडी खरवडली तर आतल्या पिवळसर लाकडात तपकिरी-काळे पट्टे उतरलेले दिसतात. त्या वेळी वरची पाने अजून हिरवीही असू शकतात. पाने पिवळी पडून एकेक फांदी वाळायला लागेपर्यंत आतले काम बरेचसे उरकलेले असते.

या किड्याची वाढ झपाट्याने होते, त्यामागे त्याची प्रजननाची रीत आहे. मादी दोन-अडीच मिलिमीटरची असते. नर तिच्याहून लहान असतो, त्याला उडता येत नाही आणि तो जन्मभर बोगद्यातच राहतो. फलित न झालेल्या अंड्यांतून नर निपजतात, फलित अंड्यांतून माद्या. बहिणभावांचा संयोग बोगद्यातच होतो आणि बहुतेक माद्या फलित होऊनच बाहेर पडतात. म्हणून एकटी मादी नव्या बागेत पोहोचली तरी तिथे नवे ठाणे बसू शकते. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ होण्याचा काळ काही आठवड्यांचाच असतो. मादी आपल्या बोगद्याचे तोंड स्वतः अडवून बसते आणि पिल्ले लाकूड खात नाहीत, त्यामुळे वरून मारलेले औषध किंवा झाडाच्या रसातून जाणारे औषध त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही.

निसर्गात या किड्यांचे काम उपयोगाचेच आहे. मोडलेली फांदी, वादळात पडलेले झाड, वयाने थकलेला वृक्ष यांच्यात हे भुंगेरे सगळ्यांत आधी शिरतात. त्यांच्या बोगद्यांतून बुरशी आणि ओल आत जाते, लाकूड कुजू लागते आणि झाडात अडकलेले सत्त्व पुन्हा मातीत उतरते. त्यांच्या मागोमाग शिकारी किडे, परोपजीवी गांधीलमाश्या आणि सोनपाठी सुतारासारखे पक्षी येतात. निरोगी जंगलात हे सगळे एकमेकांना आवर घालतात आणि भुंगेऱ्यांची संख्या थकलेल्या झाडांपुरती मर्यादित राहते.

धडधाकट झाड स्वतःचा बचाव करते. सूचिपर्णी झाडे राळ सोडून किड्याला बोगद्यातच गाडतात. बाभूळ, मोसंबी यांसारखी झाडे डिंक सोडतात. इतर झाडे जखमेभोवतीच्या पेशी मारून आणि पाण्याच्या नळ्यांना बूच लावून बुरशीची वाट अडवतात. या सगळ्याला पाणी आणि साठवलेले अन्न लागते. पाण्याचा ताण पडला की झाड पानांची रंध्रे मिटून घेते, अन्न कमी तयार होते आणि बचावासाठी लागणारा माल आटतो. उलट मुळांशी पाणी साचून राहिले तर मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि त्यांच्या पेशींत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, तयार होतो. तो रसाबरोबर वर चढून सालीतून हवेत पसरतो. ओल्या लाकडात शिरणारे भुंगेरे याच वासाचा माग काढत येतात. संशोधक त्यांना पकडण्यासाठी सापळ्यात इथेनॉलच ठेवतात, ते याच कारणाने. म्हणजे दुष्काळ झाडाचे हत्यार काढून घेतो आणि अतिवृष्टी भुंगेऱ्याला झाडाचा पत्ता सांगते. मराठवाड्याच्या नशिबी सध्या हे दोन्ही आलटून पालटून येत आहेत.

हवामानबदलाचा या साखळीशी संबंध तीन प्रकारे येतो. उष्णता वाढली की किड्याची वाढ लवकर पूर्ण होते आणि वर्षात एखादी पिढी जास्त निघते. हिवाळा सौम्य झाला की थंडीने मरणाऱ्या अळ्या जगतात. आणि पावसाचा लहरीपणा झाडाला दुबळे करतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनवर जगणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या उणे 35 ते 40 अंशांच्या सलग थंडीने मोठ्या प्रमाणात मरत असत. अशी थंडी विरळ झाली आणि 1990 च्या दशकापासून या किड्याने तिथल्या सुमारे 1.8 कोटी हेक्टर वनाला ग्रासले. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्राच्या निम्म्याहून अधिक आहे. जर्मनीत 2018 ते 2021 या काळात दुष्काळ आणि स्प्रूसवरचा भुंगेरा यांनी मिळून सुमारे 5 लाख हेक्टरांवरचे झाडाचे छत्र नाहीसे केले. त्यातली बरीच वने स्प्रूसच्या नैसर्गिक प्रदेशाबाहेर, सखल आणि उबदार भागात, लाकडासाठी एकाच जातीची म्हणून वाढवलेली होती. आधी झाड चुकीच्या जागी लावले गेले, मग पाऊस हुकला आणि शेवटी भुंगेरा आला.

मध्य भारतालाही असा अनुभव आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरी भागातल्या सालवनांत साल वृक्षाचे खोड पोखरणाऱ्या लांबशिंग्या भुंगेऱ्याची साथ आली आणि लाखो झाडे तोडावी लागली. झाडतोडीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हा किडा साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या उपगटातला नाही, पण दुबळ्या झाडात वाढायचे आणि संख्या वाढली की चांगल्या झाडावरही चढायचे, ही त्याची रीत तीच आहे. त्याच्यावरचा जुना उपाय आजही शिकण्यासारखा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रौढ भुंगेरे बाहेर पडतात. त्या वेळी निवडक झाडे तोडून त्यांचे ओंडके करतात आणि साल ठेचून ठेवतात. रसाच्या वासाने भुंगेरे तिथे गोळा होतात आणि गावकरी ते वेचून नष्ट करतात. वेळ साधली तर औषधाचा थेंबही न वापरता संख्या खाली येते.

महाराष्ट्रातला सगळ्यांत ठळक दाखला डाळिंबाचा आहे. 1990 मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीने कोरडवाहू तालुक्यांत डाळिंब पसरवले. सांगोला आणि आटपाडीच्या माळरानांवर या पिकाने संसार उभे केले. सोलापूरला 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. तेल्या रोगाशी झुंज चालू असतानाच सेरॅटोसिस्टिस बुरशीमुळे होणारा मर रोग आणि खोडातला पिन होल बोरर यांनी बागा पोखरायला सुरुवात केली. 2020 नंतरच्या ओल्या वर्षांत सांगोला भागातल्या शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर बागा काढून टाकल्या. मर रोग आणि भुंगेरा एकमेकांना हात देतात. मर रोगाने मुळे दुबळी झालेल्या झाडाकडे भुंगेरा ओढला जातो आणि भुंगेऱ्याच्या भोकांतून बुरशीला वाट मिळते. ओमान आणि पाकिस्तानात आंब्याची झाडे अचानक वाळण्यामागेही सेरॅटोसिस्टिस बुरशी आणि आंब्यावरचा साल-भुंगेरा अशीच जोडी आढळली आहे. आंबा हे मराठवाड्याच्या बांधावरचे घरचे झाड असल्याने ही नोंद इथे दुर्लक्षून चालणार नाही.

शहागड हे अंबड तालुक्यातले, गोदावरीच्या डाव्या काठावरचे गाव. छत्रपती संभाजीनगरहून बीडमार्गे सोलापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथे पुलावरून नदी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. वरच्या बाजूला पैठणचे जायकवाडी धरण आहे आणि त्याचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो. नदीकाठची जमीन भारी, काळी आणि खोल. ऊस इथे फोफावतो. मोसंबी मात्र पाण्याचा निचरा होणारी जमीन मागते. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मोसंबीने 2012-13 च्या दुष्काळात जिल्हाभर मोठी मर पाहिली. टँकरने पाणी घालून वाचवलेल्या बागाही पुढची काही वर्षे रोडावलेल्याच राहिल्या. सप्टेंबर 2021 मधली अतिवृष्टी आणि सप्टेंबर 2025 मधला गोदावरीचा पूर यांनी उलटी बाजू दाखवली. काळ्या रानात पाणी तुंबले आणि जमिनी चिबडल्या. दुष्काळात मुळे गमावलेले झाड पुरात दुसऱ्यांदा गुदमरले.

मोसंबीच्या खोडाचा नेहमीचा शत्रू वेगळा आहे. साल खाणारी अळी दिवसा खोडातल्या बोगद्यात दडते आणि रात्री बाहेर येऊन साल कुरतडते. फांद्यांच्या बेचक्यांत तिने विणलेल्या जाळीत भुसा आणि विष्ठा अडकलेली दिसते. सालीखाली तारेने अळी शोधून काढणे, भोकात औषधाचा बोळा घालून चिखलाने ते लिंपणे हे उपाय जुन्या बागायतदारांना पाठ आहेत. या अळीच्या जोडीला फायटोफ्थोरा बुरशीचा डिंक्या बुंध्याशी साल कुजवतो. अळीची जखम, डिंक्याची कुज आणि चिबडलेल्या मुळांतून येणारा मद्यार्काचा वास या तिन्ही गोष्टी एकाच झाडावर आल्या की ओल्या लाकडात शिरणाऱ्या भुंगेऱ्याला हवे ते सगळे तिथे मिळते. शॉट होल बोरर आणि त्याच्या जवळच्या जातींनी कॅलिफोर्निया, इस्रायल आणि दक्षिण आफ्रिकेत शेकडो जातींच्या झाडांवर हल्ला केला आहे. बांधावर लावला जाणारा एरंड हा या किड्याचा आवडता आश्रय असल्याचे श्रीलंकेपासून कॅलिफोर्नियापर्यंत दिसून आले आहे. म्हणून एका बागेची कीड म्हणून या भुंगेऱ्याकडे पाहणे अपुरे ठरते. बाग, बांध, नदीकाठ आणि रस्ता यांच्यात तो कुंपण मानत नाही.

जंगलातला किडा बागेत उतरतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सेलोस्टर्ना नावाचा लांबशिंग्या भुंगेरा वऱ्हाडातल्या बाभळीच्या लागवडीत मुळे आणि खोड पोखरणारा म्हणून इंग्रजी अमदानीतल्या वनाधिकाऱ्यांना चांगला माहीत होता. तोच किडा आता द्राक्षबागायतदारांना खोडकिडा म्हणून परिचित आहे. एकाच जातीची सलग लागवड हे अशा उडीला खतपाणी असते. सुबाभळीवर परदेशातून आलेले तुडतुड्यासारखे किडे 1988 मध्ये भारतात पोहोचले आणि त्यांनी थोड्या काळात सुबाभळीचे मळे ओकेबोके केले. निलगिरीवर गाठी आणणारी गांधीलमाशी 2001 मध्ये देशात आढळली आणि एकसुरी निलगिरीच्या रोपवाटिकांना तिने हैराण केले. कडुनिंबासारखे काटक झाडही यातून सुटलेले नाही. फोमॉप्सिस बुरशीमुळे होणारी शेंडेमर गेल्या काही वर्षांत तेलंगणाभर पसरलेली दिसली. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या राज्यातली ही साथ इथेही डोळे उघडे ठेवायला सांगते.

जालना जिल्ह्यात वनाचे क्षेत्र एक-दोन टक्क्यांपलीकडे नाही. त्यामुळे इथे झाडांचे आरोग्य म्हणजे बागा, बांध, गावठाण, देवस्थानांच्या जमिनी आणि रस्त्याकडेची झाडे यांचे आरोग्य. राज्याने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. किती लावली, हा प्रश्न प्रत्येक अहवालात असतो. किती जगली, कोणत्या जातीची जगली आणि जी मेली ती कशाने मेली, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्यावाचून अर्धमेले झालेले रोप हे किडीचे पाळणाघर ठरू शकते.

उपायांची दिशा यातून आपोआप ठरते. भुंगेरा खोडात शिरल्यावर त्याला मारणे अवघड आणि खर्चाचे आहे. तो येण्याआधी झाड सावरणे त्या मानाने सोपे आहे. चिबड जमिनीत बागेभोवती चर काढून पाण्याला वाट करून देणे, नवी लागवड गादीवाफ्यावर करणे आणि कलमाची गाठ मातीत गाडली जाणार नाही याची काळजी घेणे ही पहिली पायरी. मोसंबीला दुहेरी आळे केले तर पाणी बुंध्याला न लागता बाहेरच्या मुळांना मिळते आणि डिंक्या आटोक्यात राहतो. ऊन तापू लागले की उसाच्या पाचटाचे किंवा गवताचे आच्छादन घातल्यास ओल टिकते, मात्र ते बुंध्याला टेकवू नये. आंबे बहारासाठी पाणी तोडून ताण देताना झाडाची ताकद आणि जमिनीचा मगदूर पाहून ताणाचे दिवस ठरवावे लागतात. आदल्या वर्षी पुरात सापडलेल्या बागेला पुन्हा कडक ताण देणे म्हणजे तिला भुंगेऱ्याच्या हाती सोपवणे आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणातली बोर्डो पेस्ट बुंध्याला लावण्याची शिफारस जुनीच आहे आणि ती आजही उपयोगी पडते. डाळिंबाच्या बुंध्याला लावायच्या गेरू, कीटकनाशक आणि बुरशीनाशकाच्या लेपाचे प्रमाण सोलापूरच्या संशोधन केंद्राच्या चालू शिफारशीनुसारच ठेवावे.

दुसरी पायरी लाकडाची आहे. भुंगेरा लागलेली फांदी किंवा झाड काढले की ते बांधावर रचून ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. पावसाळ्यात ओली राहिलेली ही रास पुढच्या पिढीला घर देते आणि तिथून निघालेल्या माद्या शेजारच्या बागेत शिरतात. असे लाकूड काढल्याबरोबर जाळले पाहिजे किंवा बारीक तुकडे करून त्याचा कोळसा केला पाहिजे. ते सरपण म्हणून दूरच्या गावाला किंवा वखारीत पाठवणे म्हणजे कीड गाडीत बसवून पाठवणे. मात्र वर्षानुवर्षे वाळून पोकळ झालेल्या जुन्या खोडांना हा नियम लागू नाही. त्यांत साल-भुंगेरे उरलेले नसतात. तिथे सुतार पक्षी, पोपट, घुबडे आणि भुंगेऱ्यांचे शिकारी किडे राहतात, आणि जंगल किंवा गायरान अशा झाडांपासून साफ करणे हे रोगापेक्षा भयंकर औषध ठरते.

या सगळ्याच्या आधारे जिल्हा प्रशासनापुढे पुढील मागण्या आहेत.

पहिली, मेलेल्या झाडांची नोंद. राज्यात 2009 पासून क्रॉपसॅप या नावाने पिकांवरील किडींचे सर्वेक्षण चालते आणि त्याच धर्तीवर फळपिकांसाठी हॉर्टसॅप आहे. पान आणि फळ यांच्या निरीक्षणाबरोबर जमिनीलगतचे खोड तपासणे, भोके आणि भुसा नोंदवणे आणि दर गावात वाळलेल्या झाडांची मोजणी करणे या कामांची त्यात भर घालावी. बांधावरचा आंबा, कडुनिंब आणि बाभूळ यांचाही समावेश व्हावा. त्यासाठी कृषी, वन आणि सामाजिक वनीकरण या तिन्ही खात्यांच्या नोंदी एका ठिकाणी आल्या पाहिजेत.

दुसरी, ओळख पटवण्याची सोय. शेतकऱ्याने आणलेल्या खोडाच्या तुकड्यातला किडा कोणता आणि बुरशी कोणती, हे सांगण्याची व्यवस्था बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्या मदतीने तालुक्यापर्यंत पोहोचवावी. अचूक ओळखीविना मारलेली फवारणी मित्रकीटकांचा नाश करते आणि शेतकऱ्याचा खर्च वाढवते.

तिसरी, पंचनामा आणि विमा. हवामानावर आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान, आर्द्रता, गारपीट अशा ठरलेल्या निकषांवर चालतो. ताण किंवा पुरानंतर सहा-आठ महिन्यांनी भुंगेऱ्याने मारलेले झाड या निकषांत बसत नाही. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात नंतर वाळलेल्या झाडांसाठी पुढच्या हंगामात दुसरी पाहणी करण्याची तरतूद व्हावी, आणि तसा प्रस्ताव जिल्ह्याकडून राज्य शासनाकडे जावा.

चौथी, किडलेल्या लाकडाची विल्हेवाट. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या 1964 च्या अधिनियमाखाली आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे तोडायला परवानगी लागते. हे संरक्षण हवेच. परंतु प्रादुर्भाव सिद्ध झालेल्या झाडाची पाहणी आणि परवानगी थोड्या दिवसांत उरकली पाहिजे, कारण विलंबाचा फायदा फक्त किडीला होतो. परवानगीबरोबर लाकूड जागेवरच नष्ट करण्याची अट आणि त्याच जागी देशी झाड लावण्याची जबाबदारी घातल्यास गैरवापरालाही आळा बसेल.

पाचवी, रोपवाटिका आणि लागवड. मर रोग आणि खोडातले किडे रोपांबरोबर प्रवास करतात. जिल्ह्यात येणाऱ्या डाळिंब आणि मोसंबीच्या कलमांचे मूळ आणि खोड तपासल्याशिवाय अनुदान देऊ नये. महामार्ग, कालवा आणि नदीकाठच्या लागवडीत एका जातीच्या लांबच लांब रांगा टाळून वड, पिंपळ, उंबर, करंज, कडुनिंब, चिंच, शिरीष, अर्जुन, बाभूळ यांची मिश्र लागवड करावी. नदीकाठी पाणी सोसणारी झाडे आणि माळावर कोरड सोसणारी झाडे, अशी निवड जागा पाहून व्हावी. रोपांसाठी पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची तरतूद लागवडीच्या अंदाजपत्रकातच असावी.

सहावी, पाण्याचे नियोजन. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाळ्या ठरवताना फळबागांच्या बहाराचा आणि झाडे जगवणाऱ्या पाण्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. त्याचबरोबर पुरानंतर शेतातले साचलेले पाणी काढण्यासाठी जुने ओढे, नाले आणि चर मोकळे करण्याची कामे पावसाळ्याआधी पूर्ण व्हावीत. एका झाडाला दोन्ही टोकांच्या संकटांतून वाचवण्याचे हे सगळ्यांत स्वस्त साधन आहे.

1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढल्याचे केंद्र सरकारच्या 2020 मधल्या अहवालात नोंदवले आहे. पुढची वर्षे अधिक उष्ण आणि पावसाच्या बाबतीत अधिक लहरी असतील हे गृहीत धरूनच बागेचे, बांधाचे आणि रस्त्याचे झाड लावावे लागेल. वरीलपैकी पहिल्या दोन मागण्यांना नव्या कायद्याची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. उपलब्ध कर्मचारी आणि संस्था यांच्या कामाची नव्याने सांगड घातली तरी त्या येत्या पावसाळ्याआधी सुरू होऊ शकतात. जिल्हास्तरीय बैठकीत कृषी, वन, सामाजिक वनीकरण आणि जलसंपदा या चारही खात्यांना एकत्र बोलावून त्यांचा कार्यक्रम जाहीर करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
शहागड येथील एक बागायतदार
(ता. अंबड, जि. जालना)